आत्याच्या डोक्यावर कॉम्प्युटर

माझी मोठी आत्या धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत जी बाई मांडवात बसून एकेका विधीचं गाणं म्हणते, ती धवलारीण, आणि ती म्हणते ते धवले. मांडवाची मेढ रोवताना वेगळा धवला, हळद दळताना वेगळा, नवरीला तेल लावताना वेगळा, वरात निघताना आणखी वेगळा. आत्याला किती येत होते ते तिनं कधी मोजलं नव्हतं. आमच्या गावाच्या, वडप्याच्या, आजूबाजूला कुठंही लग्न ठरलं की लोक हॉलवाल्याच्या आधी आत्याकडे तारीख विचारायला येत, असं बाबा सांगायचे, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आत्याच्या स्वतःच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. सगळे आनंदात होते, आत्या मात्र कोड्यात पडली. लेकीच्या हळदीला आईनं पाटावर बसायचं, देवापाशी जायचं, पाहुण्यांचं बघायचं, चुलीवर लक्ष ठेवायचं. मग धवले कोण म्हणणार? दुसऱ्या गावाहून धवलारीण आणायची म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं. गावातल्या सुना-मुली तिच्या मागून सूर धरायच्या, पण एकट्यांना शब्द आठवायचे नाहीत.

"त्यांना वाचता येतंय, मना गाता येतंय," आत्या एके दिवशी आमच्या घरी येऊन म्हणाली. "तू मधी बस पोरी. तुझ्या त्या डब्यात माझी गानी लिव, आनि त्यांना छापून दे."

डबा म्हणजे माझा कॉम्प्युटर. बाबांनी आदल्या वर्षी तो एका ओळखीच्या माणसाकडून जुळवून आणला होता. आम्ही तेव्हा गाव सोडून भिवंडीत राहत होतो. पुढच्या खोलीत, खिडकीखाली, आईनं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कोऱ्या कापडाचं शिवलेलं कव्हर पांघरून तो बसलेला असायचा. मी तीन महिन्यांचा कोर्स केला होता, मराठी टाइप करायला शिकले होते, आणि घरात त्याला हात लावायची परवानगी फक्त मला होती. त्यामुळे मी स्वतःला बरीच मोठी तज्ज्ञ समजत होते.

दोन महिने आमचं ते काम चाललं. आत्या आठवड्यातून दोनदा सहा आसनी रिक्षानं यायची. येताना कधी वालाच्या शेंगा आणायची, कधी सुकट. नऊवारीचा काष्टा आवरून खाटेवर मांडी घालायची, पान जमवायची आणि सुरू व्हायची. अडचण अशी की तिला धवला नुसता बोलून सांगताच यायचा नाही. गायला लागायचाच. आणि मी तिसऱ्या ओळीवर "थांब आत्या, परत सांग" म्हटलं की ती तिसऱ्या ओळीवर येऊ शकायची नाही, पहिल्यापासून म्हणायची. त्यात रोजचं लोडशेडिंग. आधी आजूबाजूचे लूम गप्प व्हायचे, सगळ्या मोहल्ल्यात एकदम शांतता पसरायची, आणि पुढच्या क्षणी माझा पडदा जायचा. आत्या मात्र अंधारात पुढचं कडवं म्हणत असायची.

टाइप झालं की ती मला वाचून दाखवायला लावायची. डोळे मिटून ऐकायची.

"यो शब्द माझा न्हाय," ती म्हणायची.

"अगं तोच आहे. हळद."

"मी हलद बोलले. हळद तुझी हाय. तुझ्या लगनात म्हन."

मी मुकाट्यानं हळदीची हलद करायचे. असे किती तरी शब्द मी शहाणपणानं सुधारले होते आणि तिनं ते कानानं पकडून परत बिघडवून घेतले. दोन महिन्यांनी चाळीसच्या वर धवले झाले. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. वहीत उतरवून ठेवावेत हे मला सुचलंच नव्हतं. कॉम्प्युटर असताना वही कशाला, असा माझा तोरा.

लग्नाला बारा दिवस उरले होते. त्या दिवशी सकाळी सगळं एका फ्लॉपीवर घ्यायचं आणि छापखान्यात नेऊन द्यायचं, असं ठरलं होतं. आत्या मुद्दाम आली होती, छापखाना बघायला. मी फ्लॉपी आत सरकवली आणि फाइल उघडायला गेले. फाइल उघडेना. उघडली तर पुढं सरकेना. एवढी मोठी फाइल त्या मशीनला झेपत नव्हती आणि आत्यासमोर मला त्याची लाज वाटली.

आता माझ्या हुशारीची गोष्ट सांगते. कॉम्प्युटर चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहिलं की एक निळा पडदा येतो. त्याला बायॉस म्हणतात. मशीनचा सगळ्यात आतला कारभार तिथं ठरतो: सुरू होताना आधी कोणती डिस्क बघायची, घड्याळात किती वाजलेत, प्रोसेसर किती वेगानं पळवायचा. क्लासमधल्या एका मैत्रिणीकडून आणलेल्या मासिकात मी हे वाचलं होतं. महिनाभरापूर्वी मी तिथं जाऊन एक छोटा बदल केला होता. सुरू होताना मशीन आधी फ्लॉपी शोधायचं, ते बंद करून थेट हार्ड डिस्कवर जा, असं सांगितलं होतं. मशीन पाच-सहा सेकंद लवकर उठायला लागलं होतं. मी ते घरात सगळ्यांना सांगितलं होतं, शेजारीसुद्धा.

त्याच मासिकात पुढं वेग वाढवायचंही लिहिलं होतं. एक आकडा वर न्यायचा, बस. खाली बारीक अक्षरात काहीतरी इशारा होता, तो मी वाचला नव्हता.

"दोन मिनिटं आत्या. याला जरा पळवते, मग कॉपी करू."

"पलव," आत्या म्हणाली आणि चहा बशीत ओतला.

मी निळ्या पडद्यावर गेले, तो आकडा एक पायरी वर नेला, बदल जतन करायचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. तो काळाच राहिला.

आतला पंखा फिरत होता. पुढचा हिरवा दिवा लागलेला होता. पण चालू होताना रोज जो एक 'टुक' आवाज यायचा तो आला नाही आणि पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. मी बंद करून चालू केला. काळा. परत केला. काळा. डिलीटचं बटण इतक्या जोरात दाबलं की त्याची टोपी निघून हातात आली.

"निजला काय?" आत्यानं विचारलं.

"लाइट गेली असेल."

आत्यानं वर बघितलं. छतावरचा पंखा गरगरत होता. बाहेर लूम खटखटत होते. तिनं बशी खाली ठेवली. "काय केलंस ते सांग."

मी सांगितलं. सांगताना रडायलाच आलं. दोन महिने, चाळीस धवले, बारा दिवस, आणि मी सगळं काळं करून ठेवलं. आत्या रागावेल म्हणून मी मान खाली घातली होती. ती हसत होती.

"अगं, गानी माझ्याकडं हायेत. त्याच्यात त्याची नकल हाय." मग म्हणाली, "पन येवढं परत गायला माझा गला न्हाय रे बाबा. याला उठव."

ज्यानं कॉम्प्युटर जुळवून दिला त्या माणसाला मी फोन केला. तो कुठल्याशा गावाला गेला होता. म्हणाला, "हार्ड डिस्क गेली असणार. आठवड्यानं येतो. फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, हे मला कोर्समुळे माहीत होतं. मी फोन ठेवला आणि कपाटातून मदरबोर्डची ती छोटी पुस्तिका शोधून काढली, जी कोणी कधी उघडत नाही. इंग्रजी धड नव्हतं, पण चित्रं होती. एका पानावर लिहिलं होतं की चुकीच्या सेटिंगमुळे मशीन सुरू होत नसेल तर बोर्डावरची गोल बॅटरी काढा, काही वेळ थांबा, परत बसवा. सगळ्या सेटिंग कारखान्यातून आल्या तशा होतील. बॅटरी काढल्यानं हार्ड डिस्कवरचं काही पुसलं जात नाही, हे वाक्य मी चार वेळा वाचलं.

मी मागची वायर काढली, स्क्रू सोडवले, झाकण काढलं. आत धुळीचे बोळे. बॅटरी दिसली, रुपयाच्या नाण्याएवढी, एका घट्ट चिमट्यात बसलेली. मी आईच्या केसांच्या पिननं प्रयत्न केला. मग सुरीनं. सुरी निसटून बोर्डावर घसरली.

तेवढ्यात बाबा जेवायला आले. बाबांचा टेम्पो होता, लूममधलं कापड गोदामांत पोचवायचा. त्यांनी उघडा डबा बघितला, माझं तोंड बघितलं, बहिणीकडे बघितलं.

"बाय, काय जाला?"

"पोरीनं त्याला पलवलं, तो पडला," आत्यानं थोडक्यात सांगितलं.

बाबांनी मला एकच प्रश्न विचारला. "बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलंस?"

"एक आकडा वाढवला."

"मग आकडा खाली आण."

"पडदाच दिसत नाही तर कसा आणू? ही बॅटरी काढली की तो आपोआप खाली येईल. पण निघत नाही."

बाबांनी वाकून बॅटरी बघितली. "सुरी ठेव आधी. हे घड्याळवाल्याचं काम आहे. चाचांकडे जाऊ."

चाचा म्हणजे भिवंडीतल्याच निजामपुऱ्यातले म्हातारे घड्याळजी. बाबांचं घड्याळ गेली कित्येक वर्षं तेच उघडायचे. कॉम्प्युटर घड्याळवाल्याकडे न्यायचा ही कल्पना मला तज्ज्ञ म्हणून अपमानाची वाटली, पण माझ्या तज्ज्ञपणाचं काय झालं होतं ते समोरच पडलं होतं. आम्ही डबा गोधडीत गुंडाळला. "मी पन येतंय," आत्या म्हणाली. "माझी गानी हायेत त्याच्यात." टेम्पोत पुढच्या सीटवर ती मांडीवर डबा घेऊन बसली आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्यावर हात ठेवून "हलू, हलू" म्हणत राहिली. ते बाबांना होतं की डब्याला, कळलं नाही.

निजामपुऱ्याच्या तोंडाशी टेम्पो अडकला. पुढं कापडाच्या गाठींची हातगाडी आडवी झालेली, मागं रिक्षांची रांग. बाबांना टेम्पो सोडून उतरता येईना. "दोघी पुढं व्हा, मी आलोच," ते म्हणाले. मी डबा उचलला. दहा पावलांवर माझे हात भरून आले. त्या काळातले डबे आजच्यासारखे नव्हते, लोखंडी पत्रा होता नुसता.

"आन इकडं," आत्या म्हणाली. तिनं खांद्यावरच्या टॉवेलची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि मला डबा वर चढवायला लावला. मग हात सोडून चालायला लागली.

निजामपुऱ्याच्या त्या गल्लीनं पुष्कळ काही बघितलं असेल, पण हे नव्हतं बघितलं. दोन्ही बाजूंना लूमचा खडखडाट, दारांत उभे कारागीर, मधून नऊवारीतली साठीची बाई, नाकात नथ, कपाळावर मोठं कुंकू आणि डोक्यावर गोधडीतला कॉम्प्युटर. मागून मी, हातात मोकळी वायर धरून. कापसाच्या धाग्यांनी पांढरे झालेले लोक लूमवरून उठून बघायला आले. "हटो, हटो, अम्मा के सर पे कम्प्यूटर है!" एक जण ओरडला आणि गल्ली खरंच मोकळी झाली. चहाच्या टपरीवरून कुणी विचारलं, "अम्मा, बेचने का है क्या?"

"बेचने का न्हाय," आत्या मान न हलवता म्हणाली. "दवाखान्यात लेके जाती."

हशा पिकला. मलाही हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा.

चाचांचं दुकान कपाटाएवढं होतं. भिंतीभर घड्याळं, आणि त्यांतल्या कुठल्याही दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. चाचा आत मावेल तेवढ्या जागेत मावून बसलेले, पांढरी दाढी, जाळीची टोपी, एका डोळ्यावर काळं भिंग. आत्यानं डबा काउंटरवर उतरवला. चाचांनी गोधडी बाजूला केली आणि भिंगातून आमच्याकडे बघितलं.

"बेटा, ये घड़ी नहीं है."

"नाही चाचा, पण यात बॅटरी आहे. ती निकालनी है. मुझसे निकल नहीं रही."

त्यांनी आधी तोंडानं फुंकर मारून धूळ उडवली. आम्ही तिघंही शिंकलो. मग वाकून आत बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे! इसके अंदर तो घड़ी का सेल है. मतलब इसको भी टाइम याद रखना पड़ता है."

"तेच," मी म्हटलं. "टाइम और सब सेटिंग. मैंने गलत सेटिंग की. सेल निकालेंगे तो भूल जाएगा."

"अच्छा है. गलती भूल जाए तो अच्छा ही है." त्यांनी बारीक चिमटा घेतला, चिमट्याचं एक टोक कडेला टेकवलं, अंगठ्यानं हलकं दाबलं, आणि बॅटरी टप् करून त्यांच्या तळहातावर पडली. दोन सेकंद. मी सुरी घेऊन अर्धा तास झगडले होते.

"कितना रुकने का?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं पुरे."

आत्यानं भिंतीवरच्या घड्याळांकडे बघितलं. "कुठल्या घड्यालाची धा मिंटं?"

चाचा इतके हसले की त्यांचं भिंग पडलं. मग त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून मधोमध ठेवलं, चहा सांगितला, आणि आम्ही तिघं त्या काट्याकडे बघत बसलो. बॅटरी कापसाच्या तुकड्यावर ठेवलेली. शेजारच्या लूमचा ठेका एका लयीत चाललेला. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की आत्या गुणगुणतेय. ठेका हळद दळायच्या जात्यासारखा पडत होता, आणि तिला बहुतेक राहवलं नाही. गुणगुणता गुणगुणता तिनं आवाज मोकळा सोडला.

चाचांनी चिमटा खाली ठेवला. धवला पूर्ण होईपर्यंत ते ऐकत राहिले. दारात दोन कारागीर येऊन उभे राहिले होते.

"ये क्या है, बहनजी?"

"लगीन का. हलद का," आत्या म्हणाली. "इस डब्बे में सब येच है. मेरे बेटी का लगीन है."

चाचा म्हणाले, त्यांच्या गावाकडेही, दूर उत्तरेत, हळदीला बायका गातात. त्यांची अम्मा गायची. त्यांना एक आठवत होतं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणायला लागले. आवाज फाटका होता, पण सूर सापडला होता. दोन ओळी झाल्या आणि ते थांबले.

"फिर?" आत्या म्हणाली.

"आगे भूल गया." त्यांनी दोन्ही हात उडवले आणि हसले, पण डोळे पुसलेही. "कोई लिखने वाला नहीं था."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. दहा मिनिटं केव्हाच झाली होती. चाचांनी बॅटरी मीटरवर लावून बघितली, चांगली आहे म्हणाले, आणि जशी काढली तशीच बसवली. आत्यानं त्यांना घरच्यांसकट हळदीला यायचं आमंत्रण देऊन टाकलं. एवढ्यात बाबाही पोचले आणि परतीच्या वाटेवर डबा त्यांनी खांद्यावर घेतला. गल्लीतल्या लोकांची निराशा झाली असावी.

घरी येऊन मी सगळ्या वायरी जोडल्या. बटण दाबलं.

टुक.

"बोलला!" आत्या ओरडली. आई स्वयंपाकघरातून धावत आली. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. सेटिंग हरवल्या आहेत, मूळच्या लावल्या आहेत, पुढं जायला अमुक बटण दाबा. मी दाबलं. अक्षरं सरकली, आणि मग एकच ओळ येऊन थांबली. मी ती वाचली आणि खुर्चीत बसकण मारली.

"काय म्हनतो?"

"म्हणतो, सुरू करायची डिस्कच नाही."

म्हणजे फोनवरचा माणूस खरं बोलला होता. हार्ड डिस्क गेली. किंवा टेम्पोच्या खड्ड्यांत गेली. किंवा आत्याच्या डोक्यावर असताना काहीतरी हललं. मी परत झाकण उघडलं, हार्ड डिस्कला जोडलेली चपटी वायर काढून परत दाबून बसवली. चालू केलं. तीच ओळ. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. तीच ओळ. बाबा माझ्या मागं उभे होते. मला कुणाकडे बघवत नव्हतं.

"पोरी, येक डाव परत चालू कर," आत्या म्हणाली. ती खाटेवर डोळे मिटून बसली होती, मी धवले वाचून दाखवताना बसायची तशी.

मी केलं.

"परत."

मी परत केलं.

"यो आवाज याचा न्हाय," ती म्हणाली. "रोज कसा, टुक वाजतो, मंग बारीक घुं घुं करत उठतो. आज टुक वाजला का मधीच कर्र कर्र करतो. हितं. खाली." आणि तिनं बोट दाखवलं ते फ्लॉपीच्या फटीकडे. फटीखालचा बारीक दिवा लागलेला होता.

मी डोक्याला हात लावला. फ्लॉपी सकाळपासून आतच होती. निजामपुऱ्याला जाऊन आली होती, आत्याच्या डोक्यावरून फिरून आली होती. आणि माझ्या सेटिंगसोबत मशीन महिनाभरापूर्वीचा तो छोटा बदलही विसरलं होतं. ते पुन्हा पहिल्यासारखं, आधी फ्लॉपी बघत होतं. कोरी फ्लॉपी. तिच्यात सुरू करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते तिथंच हटून बसलं होतं. हार्ड डिस्कपर्यंत ते पोचलंच नव्हतं!

मी फ्लॉपी बाहेर काढली आणि एक बटण दाबलं. घुं घुं. आत्यानं मान डोलावली. पडदा निळा झाला, मग रोजचं हिरव्या माळरानाचं चित्र आलं, आणि फाइल जिथं असायची तिथंच होती. मी उघडली. ती नेहमीसारखीच रखडत उघडली आणि मला तिचं रखडणंसुद्धा गोड वाटलं. पहिल्या धवल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे होते. मी एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले आणि आत्या प्रत्येकाला "हाय, हाय" म्हणत गेली, शाळेत हजेरी घेतात तसं.

कोपऱ्यातलं घड्याळ चुकलं होतं. तारीख चार-पाच वर्षं मागच्या जानेवारीची दाखवत होतं. मी ते आत्याला सांगितलं.

"म्हंजे माझी पोर आता शालेत हाय?" ती म्हणाली. "मंग लगीन कनाला घाई करतो आमी!" बाबा खो खो हसले. त्यांचं जेवण राहिलंच होतं. आईनं सगळ्यांची पानं वाढली, आणि मी मात्र आधी फ्लॉपीवर कॉपी केली, मग दुसऱ्या फ्लॉपीवर, मग शेजाऱ्यांकडून आणलेल्या तिसऱ्या. मगच ताटावर बसले.

हळदीच्या दिवशी दुपार उतरताना मांडवात पंधरा-वीस जणी पुस्तिका घेऊन बसल्या. पिवळं मुखपृष्ठ, मोठी अक्षरं, हलद हलदच छापलेली. चाचा आणि चाची खरंच आले होते. चाचींना बायकांनी मधोमध बसवून घेतलं. पहिला धवला जरा अडखळला, दुसरा बरा गेला. तिसरा मुलींनी सिनेमातल्या गाण्यासारखा भरभर म्हणायला घेतला तेव्हा पाटावरून आत्याचा आवाज आला, "अगं, हलद दलता का गाडी पकडता?" मुली हसत सुटल्या आणि मग लयीत आल्या. त्यानंतर शेवटपर्यंत आत्याला बोलावं लागलं नाही. ती हळदीचे हात तसेच ठेवून लेकीशेजारी बसून राहिली, ऐकत. आपले धवले दुसऱ्याच्या तोंडून इतक्या निवांतपणे ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असावी.

मग बेंजोवाले, म्हणजे हळदीला वाजवणारा बँड, आले. आमच्याकडे हळद बेंजोशिवाय होत नाही. पहिली थाप पडली आणि म्हातारे-तरणे सगळे उठले. बाबा चाचांना हाताला धरून मैदानात घेऊन गेले, चाचा एक हात वर करून जागच्या जागी डोलायला लागले. मी कडेला उभी होते. मला नाचता येत नाही, लहानपणापासून कुणी कितीही ओढलं तरी मी गेलेली नव्हते. आत्या आली, हळदीनं भरलेल्या हातांनी माझी दोन्ही मनगटं धरली आणि काही न विचारता मला मधोमध नेलं. मी वाईट नाचले. पाय चुकले, दोनदा कुणाच्या तरी अंगावर गेले, आणि बेंजो थांबला तेव्हा आणखी एक वाजवा म्हणून ओरडणाऱ्यांत मीच पुढं होते. नव्या ड्रेसच्या दोन्ही बाह्यांवर आत्याची पाचही बोटं पिवळी उमटली होती. आईनं तो तीनदा धुतला, डाग गेले नाहीत. मी तो तसाच घालून कॉलेजला गेले.